उत्तर-फाइलमधली मराठी: ४० मशीनवर एकदम विंडोज टाकताना भाषेच्या ओळी कुठे आणि कशा लिहायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळच्या एका कॉलेजात ४० संगणकांची लॅब आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून सगळीकडे विंडोज ११ टाकायचं ठरलं. निम्मी मशीन पेनड्राइव्हवरच्या उत्तर-फाइलने (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) बसवली, निम्म्यांवर एका तयार मशीनची सिसप्रेप केलेली इमेज (नकला काढण्यासाठी तयार केलेली प्रत) ओतली. उत्तर-फाइलमध्ये पहिल्याच टप्प्यात भाषेच्या प्रत्येक ओळीत ‘एमआर-आयएन’ (भारतातल्या मराठीचा कोड) लिहिलं. तरी पेनड्राइव्हवाली मशीन सुरुवातीलाच ‘भाषा निवडा’ म्हणून थांबली. इमेजवाल्यांनी देश आणि कीबोर्ड विचारला. तारखा अमेरिकन आल्या, विद्यार्थ्यांच्या खात्यात मराठी कीबोर्ड दिसेना. कुणीतरी सुचवलं म्हणून कीबोर्डची एक ओळ नंतरच्या टप्प्यात वाढवली, तर आता बरोबर पासवर्डसुद्धा चुकीचा म्हणून परत येतो. विचारणाऱ्या सरांचं म्हणणं एवढंच, की ‘मराठी एकदाच कुठे सांगायची ते सांगा.’

सर, एकदाच सांगता येत नाही. विंडोजकडे ‘मराठी’ नावाचं एक बटण नाही. पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींना विचारत नाहीत: पडद्यावरच्या मेनूची भाषा (यूआयलँग्वेज), तारीख-आकडे-चलनाची पद्धत (यूजरलोकेल), कीबोर्ड (इनपुटलोकेल), जुन्या बिगर-युनिकोड प्रोग्रामसाठीची भाषा (सिस्टमलोकेल) आणि देश (जिओआयडी). पाचही ठिकाणी मराठी लिहिली की सगळं मराठी होईल असं वाटतं, पण त्यातल्या दोन ठिकाणी मराठी चालतच नाही आणि एका ठिकाणी चालते पण त्रास देते. मराठी खरी लागते ती कीबोर्डमध्ये आणि ज्याला हवी असेल त्याच्या मेनूत. बाकी तिन्हींचा निर्णय मराठीच्या प्रेमावर घेऊ नये, कामावर घ्यावा.

(सेटिंगची नावं मी इथे नागरीत लिहितोय. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, अक्षराला अक्षर जुळवूनच टाकायची.)

आधी टप्प्यांचा घोळ सोडवू, कारण तुमच्या अर्ध्या तक्रारी तिथल्याच आहेत. विंडोजच्या उत्तर-फाइलमध्ये सात टप्पे असतात. भाषेच्या दृष्टीने तीन महत्त्वाचे: विंडोज पीई (सेटअपची सुरुवात), स्पेशलाइझ (त्या मशीनपुरत्या सेटिंग) आणि ओओबीई-सिस्टम (पहिल्यांदा सुरू होतानाचे पडदे). पहिल्या टप्प्यात भाषेच्या घटकाचं नाव ‘इंटरनॅशनल-कोर-विनपीई’, पुढच्या दोन टप्प्यांत नुसतं ‘इंटरनॅशनल-कोर’. नावं सारखी दिसतात म्हणून लोक एकातल्या ओळी लिहून मोकळे होतात.

विंडोज पीई टप्पा चालतो तो सेटअप डॉट ईएक्सई चालू झालं तरच, म्हणजे पेनड्राइव्हवरून बूट करून नेहमीचं सेटअप सुरू झालं तर. सिसप्रेप केलेली इमेज तुम्ही डिझम या विंडोजच्याच साधनाने किंवा एखाद्या क्लोनिंगच्या साधनाने ओतता, तेव्हा सेटअप चालतच नाही. त्यामुळे त्या टप्प्यात लिहिलेली भाषेची प्रत्येक ओळ वाया जाते. चूक म्हणून दाखवलीही जात नाही, कारण ती वाचलीच गेलेली नसते. इमेजवाल्या मशीनवर फक्त स्पेशलाइझ आणि ओओबीई-सिस्टम चालतात आणि तुमच्या फाइलमध्ये तिथे भाषेचं काहीच नव्हतं. मग विंडोजने देश-कीबोर्डचे पडदे दाखवले, समोरच्या मुलाने ‘यस, नेक्स्ट’ करत अमेरिका ठेवली आणि पुढे गेला. त्या मुलाला बोल लावू नका. त्या पडद्यांवर घाईत सगळे तेच करतात.

म्हणून भाषेच्या चारही ओळी (यूआयलँग्वेज, यूजरलोकेल, इनपुटलोकेल, सिस्टमलोकेल) ओओबीई-सिस्टममध्ये ठेवा, पेनड्राइव्हची फाइल असो वा सिसप्रेपची. पेनड्राइव्हच्या फाइलमध्ये त्याशिवाय विंडोज पीईतही ठेवा. दोनदा लिहिण्याचा कंटाळा करू नका.

आता पेनड्राइव्हवाली मशीन का थांबली? विंडोज पीई टप्प्यात ‘सेटअप-यूआयलँग्वेज’ नावाचा एक पोटविभाग असतो. सेटअपने स्वतः कोणत्या भाषेत बोलायचं ते तिथे लिहितात. तो नसेल, किंवा तिथे लिहिलेली भाषा माध्यमात नसेल, तर सेटअप माणसाला विचारायला थांबतं. मराठीत सेटअप येत नाही. मराठी हा विंडोजमध्ये पूर्ण भाषापॅक नाही, इंग्रजीच्या पायावर बसणारा इंटरफेस पॅक आहे. बूट इमेजमध्ये तो नसतोच. त्यामुळे तिथे ‘एमआर-आयएन’ लिहिणं म्हणजे दुकानात नसलेला माल मागण्यासारखं आहे.

आणि इथेच दुसरा, जास्त फसवा खड्डा आहे. बरेच जण शहाणपणाने मराठीऐवजी ‘ईएन-आयएन’, म्हणजे भारतीय इंग्रजी लिहितात. तेही चालत नाही. भारतीय इंग्रजी ही तारीख-आकड्यांची पद्धत म्हणून आहे, कीबोर्ड म्हणून आहे, पण मेनूची भाषा म्हणून नाही. मेनूची इंग्रजी दोनच प्रकारची: अमेरिकन आणि ब्रिटिश. मायक्रोसॉफ्टकडून आयएसओ (विंडोज बसवायची फाइल) उतरवताना ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ निवडलं असेल तर ती ब्रिटिश, ‘ईएन-जीबी’. नुसतं ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ असेल तर ‘ईएन-यूएस’. पेनड्राइव्हवर कोणती आहे ते आठवत बसू नका. सोर्सेस फोल्डरमध्ये लँग डॉट आयएनआय नावाची छोटी फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडा. माध्यमात असलेल्या भाषा तिथे लिहिलेल्या असतात. जे दिसेल तेच सेटअप-यूआयलँग्वेज आणि यूआयलँग्वेज दोन्हींत लिहा. इमेजच्या बाबतीत डिझमला ‘गेट-इंटल’ विचारलं की तेच उत्तर मिळतं.

आता तारखांकडे. यूजरलोकेल ही ओळ सगळ्यात कमी लक्ष दिली जाणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी. सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानांचं काम डोळ्यासमोर आणा. हळदीच्या सौद्यांची यादी एका प्रोग्राममधून सीएसव्ही फाइल म्हणून निघते, तारखा ०१-०४-२०२५, ०५-०४-२०२५, १३-०४-२०२५ अशा. मशीनची पद्धत अमेरिकन असेल आणि ती फाइल एक्सेलमध्ये उघडली, तर १ एप्रिल होतो ४ जानेवारी, ५ एप्रिल होतो ४ मे. १३ तारखेला मात्र एक्सेलची गोची होते, कारण तेरावा महिना नसतो. मग ती तारीख तो तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतो. स्तंभाकडे नीट पाहिलं तर दिसतं: महिन्याच्या बाराव्यापर्यंतच्या तारखा उजवीकडे चिकटलेल्या, तेराव्यापासूनच्या डावीकडे. असा अर्धा उजवा-अर्धा डावा स्तंभ दिसला की फाइलमध्ये काही शोधू नका, थेट कंट्रोल पॅनेलमधलं ‘रीजन’ उघडा. डावीकडच्या तारखा निदान डोळ्याला खुपतात. उजवीकडच्या चुकीच्या असूनही बरोबर दिसतात आणि पट्टीवर, खतावणीत तशाच जातात.

उपाय साधा आहे: यूजरलोकेल ‘ईएन-आयएन’. दिवस-महिना-वर्ष, रुपयाचं चिन्ह आणि आकड्यांत लाख-कोटीचे स्वल्पविराम हे सगळं या एका ओळीत येतं.

मग इथे ‘एमआर-आयएन’ का नको? तारीख तीही दिवस-महिना-वर्ष अशीच दाखवते. अडचण आकड्यांत येते. जावा ९ पासून, म्हणजे सप्टेंबर २०१७ नंतर, जावा भाषांची माहिती युनिकोडच्या सीएलडीआर संग्रहातून घेते आणि त्या संग्रहात मराठीचे मूळ अंक नागरी आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याने लोकेल (भाषा-देशाची पद्धत) स्पष्ट न देता आकडा छापला, तर मराठी लोकेलच्या मशीनवर बिल क्रमांक नागरी अंकांत छापला जातो. कागदावर छान दिसतं. पण तोच आकडा निर्यात फाइलमध्ये किंवा डेटाबेसच्या क्वेरीत गेला, की इंग्रजी अंक अपेक्षित असलेली पुढची प्रणाली तो नाकारते. चूक प्रोग्रामरची आहे, मान्य, पण रात्री आठला फोन तुम्हाला येणार. लॅबमध्ये जावा शिकवत असाल तर मुलांना हा प्रकार मुद्दाम करून दाखवा. हिशोबाच्या मशीनवर मात्र मराठी लोकेल ठेवू नका.

सिस्टमलोकेलचं नाव भव्य आहे, काम मर्यादित. युनिकोड न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रामना कोणता कोडपेज (अक्षरांना आकडे देणारा जुना तक्ता) द्यायचा, एवढंच ते ठरवतं. मराठीला असा कोडपेज नाहीच. ती निव्वळ युनिकोड भाषा आहे. म्हणून डिझमला ‘सेट-सिसलोकेल’ने मराठी द्यायला गेलात तर ते साफ नकार देतं, जुनी सेटिंग तशीच राहते. इथे ‘ईएन-यूएस’ लिहा आणि विसरून जा.

विसरून जा म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे साताऱ्या-सांगलीच्या छापखान्यांत, पतसंस्थांत, ग्रामपंचायतींत अजून डीव्हीबी-टीटी, श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर खच्चून भरलेला आहे. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. कोडपेज १२५२, म्हणजे ईएन-यूएसचा, असेल तोवर ते गुण्यागोविंदाने चालतात. रीजनच्या प्रशासकीय पानावर ‘जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा’ अशी बीटा म्हणून एक चौकट आहे. ‘मराठीसाठी बरं’ म्हणून ती टिक करणारे बरेच भेटतात. ती टिक केली की असल्या प्रोग्राममधली काही अक्षरं चौकोन होतात, काही गायब. चौकटीला हात लावू नका.

याच कारणाने आणखी एक सांगतो, विचारलं नसलंत तरी. उत्तर-फाइलमध्ये संगणकाचं नाव आणि खात्याचं नाव नागरीत लिहू नका. विंडोज खातं बनवून देईल, पण यूजर्समधलं फोल्डर नागरी नावाचं होईल आणि जुना प्रोग्राम त्या फोल्डरचा पत्ता १२५२ मध्ये लिहूच शकणार नाही. नाव रोमनमध्ये ठेवा. ‘पूर्ण नाव’ वेगळं देता येतं, ते हवं तर मराठीत द्या.

आता कीबोर्ड, म्हणजे पासवर्डचं दुखणं. इनपुटलोकेलमध्ये एकापेक्षा जास्त कीबोर्ड अर्धविरामाने वेगळे करून लिहितात आणि जो पहिला, तो मुख्य. लॉगिनच्या पडद्यावरही तोच उभा राहतो. तुमच्या वाढवलेल्या ओळीत एकटाच ‘०४४ई:०००००४४ई’ होता, म्हणजे मराठी इनस्क्रिप्ट. आता ‘अ‍ॅडमिन’ हा शब्द रोमन कळांनी टाइप करून पाहा. इनस्क्रिप्टवर ए-ची कळ ओकाराची मात्रा देते, डी-ची हलन्त, एम-ची स, आय-ची ग, एन-ची ल. पासवर्डच्या चौकटीत सगळ्याचे काळे ठिपकेच दिसतात, त्यामुळे तुम्ही काय टाइप केलंत हे कळायला मार्ग नाही. माणूस तोच पासवर्ड पुन्हा, जरा जोर देऊन टाइप करतो. विंडोज ११ च्या २२एच२ पासून नव्या मशीनवर दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं दहा मिनिटं बंद होतं, आणि स्थानिक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही त्याला अपवाद नाही. मग वाटतं मशीनच बिघडलं.

आत्ता अडकलेल्या मशीनवर लॉगिनच्या पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह पाहा. दुसरा कीबोर्ड असेल तर विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबा, बदलेल. नसेल तर तिथेच, सुलभतेच्या चिन्हाखाली ऑनस्क्रीन कीबोर्ड आहे. त्यावर कोणती कळ काय देते हे निदान डोळ्यांना दिसतं, पण रोमन पासवर्ड त्यानेही टाइप होणार नाही. मग मशीन पुन्हा ओतणं हाच कमी त्रासाचा रस्ता.

ओळ अशी हवी: आधी ‘४००९:००००४००९’, मग अर्धविराम, मग ‘०४४ई:०००००४४ई’. पहिला भारतीय इंग्रजी कीबोर्ड. अमेरिकन ‘०४०९:०००००४०९’ दिला तरी बिघडत नाही, कळा त्याच जागी आहेत. पण भारतीय इंग्रजीवर उजवा ऑल्ट धरून ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं. बिलं करणाऱ्याला एवढं पुरेसं कारण आहे.

इनस्क्रिप्टच का, असं मुलं विचारतील. ती भारत सरकारची प्रमाण मांडणी आहे. आयएस १३१९४:१९९१ मध्ये ती आहे, आणि वाढीव इनस्क्रिप्टसाठी आयएस १६३५०:२०१६. शिकायला वाटते तितकी अवघड नाही. स्वर-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘सांगली’ लिहायला एम, ई, एक्स, आय, एन, आर एवढ्या सहा कळा, शिफ्टसुद्धा नाही. ‘ळ’ला शिफ्ट आणि एन, ‘ऱ्या’मधल्या ऱ-साठी शिफ्ट आणि जे. सातारकरांना ‘साताऱ्याचा’ लिहिताना ती शेवटची कळ रोज लागते.

तरी खरं सांगायचं तर विद्यार्थ्यांतले बहुतेक जण रोमनमध्ये ‘मराठी’ टाइप करून मराठी उमटणारा फोनेटिक कीबोर्डच मागतील. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक विंडोजमध्येच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. फक्त त्याचा कोड असा आटोपशीर नसतो, लांबलचक गाइड (आकडे-अक्षरांचा ओळख-क्रमांक) असतो, आणि तो हाताने लिहायला जाऊ नये. एका मशीनवर सेटिंगमधून फोनेटिक जोडा, पॉवरशेलमध्ये (विंडोजला आज्ञा टाइप करून देण्याची खिडकी) ‘गेट-विनयूजरलँग्वेजलिस्ट’ चालवा, मराठीच्या खाली ‘इनपुटमेथडटिप्स’मध्ये जी ओळ दिसेल ती जशीच्या तशी उचला. सरकारी टायपिंगची परीक्षा दिलेल्यांची बोटं रेमिंग्टनला सरावलेली असतात. ती मांडणी विंडोजच्या मराठी यादीत नाही, तिच्यासाठी वेगळं साधन इमेजमध्ये आधीच घालून ठेवावं लागतं.

पुढची तक्रार: विद्यार्थ्यांच्या खात्यात मराठी कीबोर्ड नाही. भाषेच्या सेटिंग खात्यागणिक वेगळ्या असतात. नवं खातं तयार होतं तेव्हा ते डीफॉल्ट खात्याची नक्कल घेतं, आणि लॉगिनच्या पडद्याच्या सेटिंग आणखी तिसऱ्याच जागी असतात. तुम्ही अ‍ॅडमिनच्या खात्यात बसून मराठी जोडलीत, ती फक्त अ‍ॅडमिनला मिळाली.

विंडोज ११ मध्ये यासाठी एक चांगली पॉवरशेल आज्ञा आली आहे, ‘कॉपी-यूजरइंटरनॅशनलसेटिंग्जटूसिस्टम’. तिला ‘वेलकमस्क्रीन’ आणि ‘न्यूयूजर’ दोन्ही खरे म्हणून द्यायचे. क्रम असा: भाषांची यादी ‘ईएन-आयएन’ने सुरू करा, तिच्यात ‘एमआर-आयएन’ जोडा, ‘सेट-विनयूजरलँग्वेजलिस्ट’ने ती लावा, ‘सेट-कल्चर’ने ईएन-आयएन, ‘सेट-विनहोमलोकेशन’ला ११३ द्या (भारताचा जिओआयडी ११३), आणि शेवटी ही कॉपीची आज्ञा. आधीपासून असलेल्या खात्यांना ती हात लावत नाही, म्हणून विद्यार्थ्यांची खाती बनवण्याआधी चालवा. विंडोज १० वर अडकलेलं एखादं मशीन असेल तर तिथे हेच काम इंटल डॉट सीपीएलला एक छोटी एक्सएमएल फाइल देऊन होतं.

पण ही स्क्रिप्ट कुठून चालवता यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथे जाणती माणसंही फसतात. स्पेशलाइझ टप्प्यातल्या आज्ञा आणि सेटअपकम्प्लीट डॉट सीएमडी या दोन्ही ‘सिस्टम’ खात्यात चालतात. दुरून सॉफ्टवेअर ढकलणारी बहुतेक साधनंही तशीच. तिथून ‘सेट-विनयूजरलँग्वेजलिस्ट’ चालवली की ती सिस्टम खात्याची भाषा बदलते, जिथे कुणी मराठी टाइप करणार नाही. स्क्रिप्ट यशस्वी म्हणते आणि खरोखर यशस्वी झालेली असते. शिवाय ओईएम लायसन्सची की असेल तर सेटअपकम्प्लीट चालतच नाही. एंटरप्राइज आवृत्तीला त्यात सूट आहे, पण कॉलेजांच्या लॅबमध्ये बहुधा कंपनीकडून विंडोजसकट आलेलीच मशीन असतात. म्हणून मी ही स्क्रिप्ट ओओबीई-सिस्टममधल्या ‘फर्स्टलॉगऑनकमांड्स’मध्ये ठेवतो. ती पहिल्या लॉगिनला, त्या अ‍ॅडमिनच्याच खात्यात चालते, आणि तिथून नक्कल काढली की ती योग्य खात्याची निघते.

टाइमझोन भाषेच्या घटकात नसतो, ‘शेल-सेटअप’मध्ये असतो. तिथे ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ हे पूर्ण नाव लिहायचं, ‘आयएसटी’ नाही.

ज्यांना मेनूसुद्धा मराठीत हवेत त्यांच्यासाठी मराठीचा पॅक इमेजमध्ये आधीच घालून ठेवा. स्टोअरमधून प्रत्येक मशीनने तो स्वतः उतरवावा ही कल्पना कराड शहरात चालेल. पाटण खोऱ्यातल्या किंवा जत तालुक्यातल्या शाळेत, जिथे ४० मशीन एकाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसतात, तिथे नाही. पॅक घातल्यावर तीन गोष्टी पाहा. एक, आधी भाषा आणि मगच विंडोजचं मासिक अपडेट. उलट झालं असेल तर भाषा घातल्यावर तेच अपडेट पुन्हा टाका, नाहीतर मेनूत अधूनमधून जुना किंवा इंग्रजी मजकूर डोकावतो. दोन, विंडोजमध्ये ‘एलपीरिमूव्ह’ नावाचं नियोजित काम असतं. कुणी न वापरलेला भाषापॅक ते साफ करून टाकतं. जूनमध्ये घातलेला पॅक दिवाळीनंतर शोधायला गेलात तर सापडणार नाही. टास्क शेड्युलरमध्ये एमयूआयखाली ते आहे, इमेजमध्येच बंद करा.

तिसरी गोष्ट फॉन्टची, आणि ती मेनू मराठीत नको असलेल्यांनाही लागू आहे. निर्मला यूआय हा नागरी फॉन्ट सगळ्या विंडोजमध्ये असतो, त्यामुळे मराठी दिसायला अडचण नाही. पण मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट विंडोज १० पासून वेगळ्या, ‘देवनागरी पूरक फॉन्ट’ नावाच्या ऐच्छिक घटकात गेले. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांचे निम्मे वर्ड दस्तऐवज मंगलमध्ये आहेत. तो घटक नसेल तर मजकूर वाचता येतो पण ओळी सरकतात, तक्ते पानाबाहेर जातात, प्रश्नपत्रिका दोन पानांची अडीच पानं होते. इंटरनेट असलेल्या मशीनला मराठी भाषा जोडली की हा घटक मागून आपोआप उतरतो. नसलेल्याला भाषा-घटकांच्या आयएसओमधून डिझमनेच घालून द्यावा लागतो.

खरेदीचं एक सांगून ठेवतो. स्वस्त लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ विंडोज असतं. त्यावर मेनूची भाषा बदलता येत नाही, उत्तर-फाइल कितीही सुंदर असली तरी. कीबोर्ड आणि तारीख मात्र त्यावरही व्यवस्थित बसतात.

लॅबमध्ये लिनक्सचीही काही मशीन आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर त्याबद्दल जरुरीपुरतं. डेबियनची उत्तर-फाइल, म्हणजे प्रीसीड, नेटवर्कवरून येत असेल तर ती पोचण्याआधीच इन्स्टॉलर भाषा आणि कीबोर्ड विचारून मोकळा होतो. फाइलमध्ये लिहूनही विचारतो ही तक्रार तिथूनच येते. बूटच्या ओळीत ‘ऑटो’ खरं आणि ‘प्रायॉरिटी’ क्रिटिकल द्या. मग तो ते प्रश्न फाइल हाती येईपर्यंत मागे ठेवतो. किंवा लोकेल आणि कीमॅप थेट त्या ओळीतच लिहा. इन्स्टॉलरच मराठीत हवा असेल तर ग्राफिकल इन्स्टॉलर लागतो. साध्या टेक्स्ट कन्सोलला जोडाक्षरं जमत नाहीत.

कीबोर्डचा सापळा लिनक्समध्येही तोच. एक्सकेबीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कीबोर्ड-व्यवस्थेत, नुसतं ‘आयएन’ म्हणजे नागरी कीबोर्ड. तो एकटा दिला की लॉगिनला विंडोजसारखीच अवस्था. ‘यूएस’ पहिला, ‘आयएन’ दुसरा, आणि बदलायची कळ तिथेच ठरवून द्या. लोकेल ‘ईएन_आयएन’ ठेवून मराठी जादा म्हणून तयार करून घ्या. रेड हॅटच्या उत्तर-फाइलमध्ये, म्हणजे किकस्टार्टमध्ये, ‘लँग’च्या ओळीत ‘अ‍ॅडसपोर्ट’ने हे एका ओळीत होतं. आणि त्या मशीनवर पोस्टग्रेस हा डेटाबेस बसणार असेल तर लोकेल आधी नक्की करा. डेटाबेसचा क्लस्टर तयार होताना त्या वेळचं लोकेल स्वतःत कोरून घेतो, नंतर मशीनचं लोकेल बदलून त्याच्या क्रमवारीत फरक पडत नाही.

बाकीच्या मशीनना हात लावण्याआधी एका मशीनवर नवी फाइल चालवा आणि अ‍ॅडमिनने नव्हे, नव्याने बनवलेल्या साध्या विद्यार्थी खात्याने लॉगिन करून पाहा. घड्याळाची तारीख, एक्सेलमध्ये १३ तारीख असलेली सीएसव्ही आणि नोटपॅडमध्ये ‘सांगली’ एवढं पुरतं. मग लॉगआउट करून लॉगिनच्या पडद्यावरचं भाषेचं चिन्ह पाहा.

तरीही एखादी ओळ लागू झाली नाही आणि विंडोजने तक्रारही केली नाही, तर घटकाच्या ओळीतलं ‘प्रोसेसर-आर्किटेक्चर’ आधी तपासा. कुठूनतरी उचललेल्या जुन्या फाइलमध्ये तिथे ‘एक्स८६’ असतं. ६४-बिट विंडोजला ‘एएमडी६४’ लागतं, प्रोसेसर इंटेलचा असला तरी. जुळलं नाही की अख्खा घटक मुकाट्याने वगळला जातो. तिथेही ठीक असेल तर विंडोजमधल्या पँथर फोल्डरमध्ये सेटअपअ‍ॅक्ट डॉट लॉग आहे. पहिल्या टप्प्याची हकीगत त्याच्यात, पुढच्या दोन्हींची त्याच्याच पोटातल्या अनअटेंडजीसी फोल्डरमधल्या त्याच नावाच्या फाइलमध्ये. प्रत्यक्षात वापरलेली उत्तर-फाइलही पँथरमध्येच जपून ठेवलेली असते. ती उघडा आणि तुम्ही लिहिलेलीच फाइल आहे ना ते बघा. पेनड्राइव्हवर ‘ऑटोअनअटेंड’ नावाच्या दोन आवृत्त्या आणि मशीनने उचललेली जुनी, हे दिसतं तितकं दुर्मीळ नाही.